दर जाहीर झाले की उपचार स्वस्त होतात का? आरोग्यसेवेतल्या पारदर्शकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटलांनी दर जाहीर करावेत, डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून काय घेतलं ते सांगावं, विमा कंपन्यांनी आपले करार उघडे करावेत, अशी मागणी झाली की सगळेच माना डोलावतात. त्याने खर्च खरंच उतरतो का, हे फारसं कोणी विचारत नाही. खालची बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण हे नियम तिथे सर्वांत जास्त लिहिले गेले, टाळले गेले आणि त्यांचे परिणाम मोजलेही गेले.

पारदर्शकतेचे नियम म्हणजे नेमकं काय काय?

या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते. पहिली म्हणजे दर उघड करणं. दुसरी दर्जाची, म्हणजे कोणत्या हॉस्पिटलात कोणत्या ऑपरेशननंतर किती रुग्ण दगावतात, किती जणांना संसर्ग होतो याची माहिती. तिसरी हितसंबंधांची: औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेलं मानधन, प्रवासखर्च, जेवणं. चौथी गोष्ट बिलाच्या अंदाजाची, म्हणजे उपचार सुरू होण्याआधी रुग्णाच्या हातात लेखी आकडा देणं.

यांतला एक नियम लागू पडला म्हणून दुसराही पडेल असं नाही. किंबहुना एकाने खर्च कमी होतो आणि दुसऱ्याने वाढतो, असंही घडलेलं आहे.

बाकी सगळ्या खरेदीत भाव आधी कळतो. इथेच का नाही?

अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये एका निबंधात याचं मूळ सांगितलं. आजार कधी येईल ते माहीत नसतं आणि उपचाराचा गुण येईल की नाही तेही माहीत नसतं. काय हवं आहे हे ठरवणारा माणूस, म्हणजे डॉक्टर, हाच बऱ्याचदा विकणाराही असतो. त्यामुळे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं नेहमीचं नातं इथे जमतच नाही.

त्यात विमा आला की तिसरा माणूस येतो. उपचार रुग्ण घेतो, सुचवतो डॉक्टर आणि पैसे भरते विमा कंपनी. तिघांपैकी एकालाही भाव बघायची पुरेशी निकड नसते. हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यात बंद दाराआड घासाघीस होते, ठरलेला दर करारात गोपनीय राहतो आणि बाहेर दिसतो तो छापील दर. तो जवळजवळ कोणीच भरत नाही. भरलाच तर विमा नसलेला माणूस भरतो, म्हणजे ज्याला तो सगळ्यांत कमी परवडतो तोच.

एकाच हॉस्पिटलात एकाच तपासणीचे वेगवेगळे दर कसे असतात?

अमेरिकेतल्या एखाद्या हॉस्पिटलाची दरांची फाइल उघडून बघावी. पहिल्या रकान्यांत कोड असतो. ७३७२१ म्हणजे पायाच्या सांध्याचा, बहुतेक वेळा गुडघ्याचा, कॉन्ट्रास्टशिवाय केलेला एमआरआय. त्यापुढे छापील दर आणि मग रोखीने भरणाऱ्यासाठी सवलतीचा दर. त्यानंतर एकेक विमा कंपनी, तिची एकेक योजना आणि प्रत्येकीसमोर वेगळा आकडा. कुठे आकड्याऐवजी ‘छापील दराच्या अमुक टक्के’ एवढंच लिहिलेलं, कुठे नुसता रिकामा चौकोन. मशीन एक, तंत्रज्ञ एक, गुडघाही एकच, आणि दर मात्र विम्याच्या कार्डावर कोणत्या कंपनीचं नाव आहे त्यावर.

गंमत म्हणजे रोखीचा दर कधीकधी मोठ्या विमा कंपनीने घासाघीस करून मिळवलेल्या दरापेक्षाही कमी निघतो. वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्याला हे दिसलं की त्याचा संताप होणारच, आणि तो रास्त आहे.

या फरकाचा आवाका मोठा आहे. रँड या संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खासगी विम्याने हॉस्पिटलांना जे पैसे मोजले, ते त्याच सेवांसाठी सरकारची मेडिकेअर योजना जे देते त्याच्या सरासरी अडीचपट होते.

अमेरिकेतले नियम काय सांगतात?

२०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यातच हॉस्पिटलांनी आपले दर जाहीर करावेत असं कलम होतं. पण कित्येक वर्षं ते नावापुरतंच राहिलं. १ जानेवारी २०१९ पासून छापील दरांची यादी वेबसाइटवर टाकणं सक्तीचं झालं आणि तिचा उपयोग काही नाही हे लगेच कळलं, कारण ते दर कोणी भरतच नव्हतं. मग १ जानेवारी २०२१ पासून खरा नियम आला. प्रत्येक सेवेसाठी छापील दर, रोखीचा दर, प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेला दर, आणि त्यांतला सर्वांत कमी व सर्वांत जास्त दर संगणकाला वाचता येईल अशा फाइलमध्ये द्यायचा. शिवाय आधी ठरवून करता येतील अशा ३०० सेवांचे दर सामान्य माणसाला समजतील अशा रूपात मांडायचे.

हॉस्पिटलांची संघटना कोर्टात गेली. आमचे करार हे व्यापारी गुपित आहे, असा तिचा दावा होता. डिसेंबर २०२० मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. १ जुलै २०२२ पासून विमा कंपन्यांनाही आपले ठरलेले दर उघडे करावे लागले. त्यांच्या फाइली इतक्या अवाढव्य निघाल्या की घरच्या संगणकावर त्या उघडतसुद्धा नाहीत.

हॉस्पिटलं हे पाळतात का?

सुरुवातीला बऱ्याच जणांनी टाळाटाळ केली, आणि ती समजण्यासारखी होती. दंड दिवसाला फक्त ३०० डॉलर होता. मोठ्या हॉस्पिटलाच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम. दर लपवून टिकणारा फायदा त्याच्या कित्येक पट.

काहींनी तर आणखी शक्कल लढवली. मार्च २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने उघडकीला आणलं की शेकडो हॉस्पिटलांनी दरांच्या पानात असा कोड घातला होता की सर्च इंजिनला ते पान सापडूच नये. दर जाहीर, पण शोधणाऱ्याला दिसणार नाहीत. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता त्याचा जीव घेणं म्हणतात ते हेच.

२०२२ पासून दंड खाटांच्या हिशेबाने झाला. तीसपेक्षा जास्त खाटा असतील तर प्रत्येक खाटेमागे दिवसाला १० डॉलर, कमाल ५,५०० डॉलर. म्हणजे वर्षाला २० लाख डॉलरच्या वर. जून २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या दोन हॉस्पिटलांना पहिला दंड झाला, दोन्ही मिळून जवळपास ११ लाख डॉलर. त्यानंतर बाकीच्यांनी हालचाल केली. जुलै २०२४ पासून सगळ्यांना एकाच ठरावीक नमुन्यात फाइल द्यावी लागते. हा बदल ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण माझ्या मते दंडाच्या वाढीइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने भरलेली माहिती कितीही जाहीर असली तरी तिची तुलना होत नाही, आणि तुलना होत नसेल तर ती असून नसल्यासारखीच.

दर दिसू लागल्यावर रुग्ण स्वस्त जागा निवडतात का?

बहुतेक नाही. या विषयातला सगळ्यात निराश करणारा निष्कर्ष हाच आहे आणि तो एकदा नव्हे, अनेकदा निघाला आहे.

दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना दर तपासायचं ऑनलाइन साधन दिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षात फक्त १० टक्के लोकांनी ते एकदा तरी उघडलं, आणि ज्यांना ते मिळालं होतं त्या सगळ्यांचा मिळून बाह्यरुग्ण खर्च काही कमी झाला नाही.

दुसरा अभ्यास पायाच्या एमआरआयचा. हा निवडायचं कारण असं की याच्याइतकी सोपी खरेदी आरोग्यसेवेत दुसरी सापडणं कठीण. घाई नसते, दर्जात फारसा फरक नसतो, आधी वेळ घेऊन जाता येतं. तरीही रुग्ण घरापासून तपासणीच्या जागेपर्यंत जाताना सरासरी सहा स्वस्त केंद्रं ओलांडून पुढे गेले. का? तर डॉक्टरांनी तिकडे पाठवलं म्हणून. कुठे तपासणी होणार हे ठरवण्यात डॉक्टरच्या चिठ्ठीचा वाटा बाकी कोणत्याही गोष्टीपेक्षा मोठा निघाला.

मग लोकांच्या खिशाला थेट झळ बसली तर ते भाव बघतील ना?

हा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञांना फार आवडायचा. एका मोठ्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना मोफत उपचारांच्या योजनेतून काढून अशा योजनेत टाकलं, जिथे विमा सुरू होण्याआधी मोठी रक्कम स्वतःच भरावी लागते. दर तपासायचं साधनही दिलं. एकूण खर्च १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास घटला. पण तो स्वस्त जागा शोधल्यामुळे घटला नाही. लोकांनी उपचारच कमी घेतले. अनावश्यक तपासण्या टाळल्या, तसेच गरजेचे आणि प्रतिबंधक उपचारही टाळले. दोन वर्षं झाली तरी भाव तपासायची सवय लागल्याचं दिसलं नाही.

खर्च कमी झाला एवढं बघून कोणी याला यश म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

म्हणजे दर जाहीर करून काहीच फायदा नाही?

आहे, पण बहुतेक जण समजतात त्या वाटेने तो येत नाही.

न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने २००७ मध्ये एक वेबसाइट सुरू केली. आपला विमा कुठला ते निवडायचं, तपासणी निवडायची, की त्या विम्याखाली कोणत्या हॉस्पिटलात किती पडेल ते समोर येतं. पुढे केलेल्या अभ्यासात एमआरआय, सीटी स्कॅनसारख्या तपासण्यांचा दर रुग्णांसाठी सुमारे ५ टक्के आणि विमा कंपन्यांसाठी सुमारे ४ टक्के कमी झाल्याचं आढळलं. वेबसाइट वापरणारे थोडेच होते. तरी काही काळाने हॉस्पिटलांनीच दर कमी केल्याचा फायदा न वापरणाऱ्यांनाही मिळाला. विमा कंपनीच्या हातात आता घासाघिशीला पुरावा होता, आणि सगळ्यांत महाग म्हणून आपलंच नाव वर दिसणं हॉस्पिटलालाही नकोसं होतं.

याहून ठळक उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा बघणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये गुडघा आणि खुबा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी ३०,००० डॉलरची मर्यादा घातली. एवढ्यात ऑपरेशन करणाऱ्या, दर्जाची खात्री असलेल्या हॉस्पिटलांची यादी लोकांच्या हातात दिली आणि सांगितलं, हवं तिथे जा, पण वरचा फरक तुमचा. लोक स्वस्त हॉस्पिटलांकडे वळले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे महागड्या हॉस्पिटलांचे दर सुमारे एक तृतीयांशाने खाली आले.

तिथली युक्ती बघा. दर नुसते दाखवले नाहीत. एक सोपा आकडा दिला, पर्याय निवडून दिले, आणि घाई नसलेलं, आधी ठरवून करता येणारं ऑपरेशन निवडलं. शिवाय नियम घालणारी संस्था लाखो लोकांच्या वतीने बोलत होती. एकटा रुग्ण हॉस्पिटलाला दर कमी करा म्हणाला तर ऐकतो कोण?

दर उघड केल्याने भाव वाढूही शकतो म्हणतात. ते कसं?

त्यासाठी आरोग्यसेवेच्या थोडं बाहेर, डेन्मार्कच्या काँक्रीटकडे जावं लागेल. १९९३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने ठरवलं की तयार काँक्रीट विकणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाकडून प्रत्यक्षात काय भाव घेतात ते छापायचं. हेतू चांगला होता, गिऱ्हाइकाला माहिती मिळावी आणि स्पर्धा वाढावी. वर्षभरात सरासरी भाव १५ ते २० टक्क्यांनी वर गेले.

मोजकेच विक्रेते असले की प्रत्येकाला दुसऱ्याचा भाव कळतो. आपण गुपचूप एका मोठ्या गिऱ्हाइकाला सवलत दिली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ती दिसणार, आणि बाकीची गिऱ्हाइकंही तीच मागणार. मग सवलत द्यायचीच कशाला? ज्याचा भाव कमी आहे त्यालाही समजतं की शेजारचा जास्त घेतोय आणि तरी त्याचं चालतंय. कोणी कोणाशी बोलायची गरज पडत नाही. भाव आपोआप वरच्या बाजूला जुळतात.

एखाद्या शहरात दोन-तीनच मोठी हॉस्पिटलं असतील तर तिथे नेमकी हीच परिस्थिती असते. म्हणूनच बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये मिनेसोटा राज्याला लेखी सावध केलं होतं की करारांतले तपशील सरसकट उघडे केले तर स्पर्धेला मदत होण्याऐवजी तिचं नुकसान होऊ शकतं.

ही भीती हॉस्पिटलांच्या वकिलांना फार सोयीची आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. धोका खरा आहे म्हणून सगळंच झाकून ठेवा, असा त्याचा अर्थ होत नाही. गुपचूप करारांच्या काळात भाव काही उतरत नव्हते.

गावात हॉस्पिटलच एक असेल तर?

मग दरांची यादी वाचून करणार काय? अमेरिकेतल्या खासगी विम्याच्या आकडेवारीवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात एकट्या हॉस्पिटलाचे दर चार किंवा अधिक स्पर्धक असलेल्या भागातल्या हॉस्पिटलांपेक्षा १२ टक्के जास्त निघाले. तिथे विलीनीकरणांवर अंकुश किंवा थेट दरनियंत्रण यांचा विचार करावा लागतो. वेबसाइटने ते काम होत नाही.

महाग हॉस्पिटल म्हणजे चांगलं हॉस्पिटल ना?

खात्री नाही. दर आणि दर्जा यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत कच्चाच दिसतो. पण लोकांना तसं वाटतं, आणि नुसते दर जाहीर करण्यातला मोठा खड्डा हाच आहे. दर्जाची माहिती सोबत नसेल तर काही जण महागडा आकडा बघून उलट तिकडेच जातात. जिवाशी खेळ नको, एवढाच त्यांचा विचार असतो.

मग मृत्युदर जाहीर करावेत का?

न्यूयॉर्कने ते करून बघितलं. १९८९ पासून राज्याने बायपास सर्जरीची माहिती गोळा केली आणि डिसेंबर १९९० मध्ये हॉस्पिटलांचे मृत्युदर प्रसिद्ध केले. पुढे एका वृत्तपत्राने कोर्टात जाऊन सर्जननिहाय आकडेही मिळवले. रुग्ण किती गंभीर होते ते हिशेबात धरूनही १९८९ ते १९९२ या काळात मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी झाला. हे ऐकून कोणीही टाळ्या वाजवेल.

पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात असेच आकडे प्रसिद्ध होत होते, आणि तिथल्या हृदयशल्यविशारदांना विचारलं तेव्हा ६३ टक्क्यांनी मान्य केलं की अतिगंभीर रुग्णावर ऑपरेशन करायला ते आता पूर्वीइतके तयार नसतात. रुग्ण ऑपरेशन टेबलवर दगावला तर तो आपल्या नावापुढे मांडला जाणार. तो ऑपरेशनविना गेला तर कोणाच्याच नावापुढे नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात या दोन राज्यांतल्या वयस्क हृदयरुग्णांकडे एकत्र बघितलं, तेव्हा खर्च वाढलेला आणि विशेषतः जास्त आजारी असलेल्यांची अवस्था बिघडलेली आढळली.

या निष्कर्षावर अजून वाद आहेत, आणि न्यूयॉर्कमधली सुधारणा कितपत या आकड्यांमुळे झाली यावरही. आकडे दाखवल्याने काही कमकुवत विभाग खरोखर सुधारले. तरी माझा कल असा, की हॉस्पिटल पातळीचे आकडे जरूर प्रसिद्ध करावेत, एकट्या सर्जनच्या नावाचे करताना मात्र शंभरदा विचार करावा. वर्षाला मोजकी ऑपरेशनं करणाऱ्याच्या आकड्यात दोन मृत्यूंनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डॉक्टरांनी कंपन्यांकडून काय घेतलं ते जाहीर केल्याने काय होतं?

अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार कंपन्यांना हे कळवावं लागतं, आणि ३० सप्टेंबर २०१४ पासून ते सगळं एका सरकारी वेबसाइटवर नावानिशी बघता येतं. संशोधनाचे पैसे धरून वर्षाची एकूण रक्कम १० अब्ज डॉलरच्या वर जाते. फ्रान्सनेही २०११ च्या कायद्याने असंच केलं, एका औषधाच्या मोठ्या प्रकरणानंतर.

रक्कम मोठी असेल तरच फरक पडतो असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात सरासरी २० डॉलरपेक्षाही स्वस्त अशा एका जेवणाचा संबंध त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहिण्याशी दिसला. जेवणामुळेच औषध लिहिलं गेलं हे त्याने सिद्ध होत नाही. त्या औषधाकडे आधीच कल असलेले डॉक्टर त्या जेवणाला जातात, असंही असू शकतं.

आणि जाहीर केल्याने डोक्यावरचं ओझं उतरतं, ही वेगळीच अडचण. २००५ मधला एक प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. नाण्यांनी भरलेली बरणी. अंदाज करणाऱ्याला ती लांबून, काही क्षण दाखवायची. सल्लागाराला जवळून, निवांत. अंदाज जितका अचूक तितके पैसे अंदाज करणाऱ्याला. काही सल्लागारांना मात्र समोरचा जितका जास्त आकडा सांगेल तितके जास्त पैसे. यातल्या निम्म्या वेळी हा हितसंबंध आधीच उघड सांगितला गेला. अपेक्षा अशी की अंदाज करणारा सावध होईल. तो थोडा झालाही, पण सल्लागाराने आकडा त्याहून जास्त फुगवला. मी तुला आधीच सांगितलं होतं, आता तुझं तू बघ, असा त्याचा पवित्रा. शेवटी हितसंबंध माहीत असलेल्यांचेच अंदाज जास्त चुकले.

दवाखान्याच्या भिंतीवर ‘आमचे डॉक्टर अमुक कंपनीचे सल्लागार आहेत’ अशी पाटी लावून रुग्णाला नेमकं काय करता येणार आहे? ती माहिती पत्रकार, विमा कंपन्या, वैद्यकीय परिषदा आणि संशोधक यांच्या हातात जास्त कामाची. रुग्णासाठी सरळ बंदी हाच खरा उपाय असतो, निदान भेटवस्तूंच्या बाबतीत.

औषधांचे खरे भाव सरकारं का लपवतात?

सरकारं स्वतः होऊन लपवत नाहीत, लपवायचं कबूल करतात. कंपनी एक अधिकृत दर ठरवते आणि प्रत्येक देशाला वेगळी गुप्त सूट देते. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच सगळ्यांत चांगला भाव मिळाला. बऱ्याच देशांत शेजारच्या देशाचा भाव पाहून आपला ठरवतात, त्यामुळे अधिकृत दर चढा ठेवण्यात कंपनीचं हित असतं.

मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत इटलीच्या पुढाकाराने ठराव झाला की देशांनी औषधांचे प्रत्यक्षात मोजलेले भाव जाहीर करावेत. ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरी यांनी त्यापासून अंग काढून घेतलं. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की सगळे भाव उघडे झाले तर गरीब देशांना स्वस्तात देणं परवडणार नाही, कारण श्रीमंत देश तोच भाव मागतील. यात तथ्य आहे, पण अर्धंच. गुप्ततेचा फायदा गरीब देशांनाच मिळतो याचा पुरावा बघायचा तर आधी भाव बघावे लागतील, आणि तेच तर झाकलेले आहेत.

उपचाराआधी लेखी अंदाज देण्याचा नियम कितपत उपयोगी आहे?

या सगळ्यांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो हाच. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत विमा नसलेल्या किंवा स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला आधी ठरवलेल्या उपचारासाठी लेखी अंदाज द्यावा लागतो. प्रत्यक्ष बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिकने फुगलं तर रुग्णाला दाद मागता येते. त्याच कायद्याने आणखी एक जुनी तक्रार संपवली: हॉस्पिटल विम्याच्या यादीतलं, पण भूल देणारा डॉक्टर यादीबाहेरचा, आणि त्याचं भलंमोठं बिल महिन्याने घरी.

इथे माहितीच्या मागे परिणाम आहे. आकडा चुकला तर देणाऱ्याला त्रास होतो. दरांच्या फाइलीत हे कुठेच नाही.

हे सगळं पाळायचा खर्च कोणावर पडतो?

सरतेशेवटी रुग्णावर आणि हप्ता भरणाऱ्यावर. मोठ्या हॉस्पिटलाकडे यासाठी माणसं असतात, छोट्याला सल्लागार लावावा लागतो. म्हणून नमुना एक आणि सोपा असणं गरजेचं आहे.

नवा नियम लिहायचा झाला तर काय मागावं?

प्रत्यक्ष भरला जाणारा दर, छापील नव्हे. एकेका वस्तूचा नव्हे तर पूर्ण उपचाराचा, म्हणजे ऑपरेशन, भूल, इम्प्लांट, तपासण्या, राहणं, सगळं धरून. शेजारी दर्जाचा निदान एक भरवशाचा आकडा. आणि ही माहिती डॉक्टर चिठ्ठी लिहितो त्या क्षणी त्याच्याच स्क्रीनवर, कारण निर्णय तिथे होतो. रुग्णाने रात्री घरी बसून वेबसाइट चाळावी ही अपेक्षा आधीच फसलेली आहे. जिथे विक्रेते दोन-तीनच आहेत तिथे नावानिशी करार उघडे करण्याऐवजी तो तपशील नियामकाकडे आणि मोठ्या खरेदीदारांकडे द्यावा, लोकांना सरासरी दाखवावी. दंड असा हवा की तो भरत राहण्यापेक्षा नियम पाळणं स्वस्त पडेल.

रुग्ण म्हणून मी काय विचारावं?

इमर्जन्सीत काही नाही, आधी उपचार घ्या. ठरवून करायचं काही असेल तर उपचाराचं नेमकं नाव किंवा कोड लिहून घ्या, नाहीतर दोन ठिकाणी विचारलेले दर वेगवेगळ्या गोष्टींचे निघतात. आकड्यात काय धरलेलं नाही, ते विचारा. काय धरलं आहे ते सगळे आपणहून सांगतात, वगळलेलं सांगत नाहीत. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, भूलतज्ज्ञाचं आणि पॅथॉलॉजीचं बिल वेगळं येणार का, एक दिवस जास्त राहावं लागलं तर किती, हे तीन प्रश्न बहुतेक धक्के टाळतात. विमा असला तरी रोखीचा दर एकदा विचारून बघा. डॉक्टरांनी तपासणीसाठी एखाद्या ठिकाणाचं नाव सांगितलं तर हीच तपासणी दुसरीकडे चालेल का, असं सरळ विचारा. बऱ्याचदा चालते, फक्त कोणी विचारलेलं नसतं. आणि अंदाज तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या, खाली तारीख आणि देणाऱ्याची सही असू द्या.